ओठांत राहिलेला बाप्तिस्मा

माझ्या नातीला मी बाप्तिस्मा दिला, असं आमच्या चर्चच्या नोंदवहीत लिहिलेलं होतं. आता त्या ओळीशेजारी दुसरी एक ओळ आहे. दोन्ही ओळी माझ्यामुळे लिहिल्या गेल्या, आणि पहिली खोटी होती. ज्यांना सांगायचं त्यांना सांगून झालं आहे. तरी मनातून जात नाही, म्हणून लिहून ठेवते.

मी भुईगावची. चौथीनंतर शाळा सुटली, कारण वाडीत मोगरा खुडायला हात कमी पडत होते. शाळा सुटल्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही. वर्गात उभं राहून उत्तर देणं मला जमत नसे. उत्तर यायचं, पण तोंड उघडायचं नाही. रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गातही तेच. सिस्टर विचारायच्या, तारणासाठी काय काय लागतं? बाकीच्या मुली एका सुरात सांगायच्या. विश्वास, बाप्तिस्मा, पापाचा पश्चात्ताप, देवाच्या आज्ञा. मी नुसते ओठ हलवायचे. सिस्टरांना वाटायचं, हीसुद्धा म्हणते आहे.

आमच्याकडे चर्चला देऊळच म्हणतात. देवळातही मी अशीच. इतकी वर्षं मिस्साला, रविवारच्या उपासनेला, जाते, पण माझ्या बाकावर बसणाऱ्या बायकांना माझा आवाज ठाऊक नाही. उत्तरं, गाणी, सगळं मी आतल्या आत म्हणते. मला कधी ते कमी वाटलं नाही. देवाला ऐकू येतं, असं मी धरून चालले होते.

त्या वर्गात एक गोष्ट मात्र सिस्टरांनी घोटून घेतली होती. मूल मरायला टेकलं असेल आणि फादर वेळेवर पोचणार नसतील, तर कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतं. बाईसुद्धा, पोरसुद्धा. सिस्टरांनी एक बाहुली आणली होती आणि पाण्याचा तांब्या. एकेकीला पुढे बोलावून त्या दाखवायला लावत. पाणी डोक्यावरून वाहिलं पाहिजे. नुसतं ओलं बोट लावलं तर चालत नाही. आणि पाणी वाहत असतानाच शब्द तोंडाने म्हटले पाहिजेत: मी पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने तुला बाप्तिस्मा देते. माझी पाळी आली तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "हिला राहू द्या, ही बाहुलीसमोरसुद्धा लाजते." सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि सुटले म्हणून बरं वाटलं.

ही गोष्ट इतकी का घोटून घेत, ते माझ्या आईकडे बघून कळायचं. माझ्या आधी तिला एक मुलगा झाला होता. तो दुसऱ्या दिवशी गेला, आणि घरातल्या कुणाला वेळेवर सुचलं नाही. त्या काळी अशा मुलाला आतल्या जमिनीत जागा देत नसत. दफनभूमीच्या भिंतीबाहेर भेंडीच्या जुन्या, मोठ्या झाडाखाली त्याला पुरलं. मृतांच्या दिवशी सगळं गाव आत जाऊन कबरींवर मेणबत्त्या लावायचं आणि माझी आई एक मेणबत्ती घेऊन भिंतीबाहेर जायची. कोणी काही विचारत नसे. पुढे रस्ता रुंद झाला, झाड गेलं. आता तिथून रिक्षा जातात. आई म्हातारपणी मला म्हणाली होती, "मी वर गेले तरी तो मला भेटायचा नाही बाय. तो कुठे आहे ते मला कोणी सांगितलंच नाही."

आजकालचे फादर असं काही शिकवत नाहीत, हे मला माहीत आहे. पण आईचं ते वाक्य मी आधी ऐकलं होतं आणि फादरांचं नंतर.

माझ्या लेकीचं लग्न आमच्याच धर्मात झालं. जावई शेजारच्या गावचा, मुंबईला ऑफिसात. त्यांनी एव्हरशाईन सिटीत फ्लॅट घेतला. लग्नानंतर दोन वर्षांनी जावई ऑफिसातल्या कुणाबरोबर दुसऱ्या ख्रिस्ती पंथाच्या एका प्रार्थनेच्या हॉलमध्ये जायला लागला आणि मग त्याने मिस्सा सोडली. माणूस वाईट नाही. माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा दोन दिवस सुट्टी काढून तोच माझ्याजवळ बसला होता. पण माझ्या तारणाची त्याला फार काळजी लागली.

एका रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला होते. तो म्हणाला, "मम्मी, एक विचारू? रागावू नका. आज तुम्ही मेलात तर कुठे जाणार? शुअर आहात?"

लेक म्हणाली, "भात तरी खाऊ दे तिला. मग मार."

"अगं, मी प्रेमाने विचारतोय. मिस्सा, जपमाळ, नऊ दिवसांची नोव्हेना, हे सगळं माणसांनी बनवलंय. येशूला स्वतःच्या तोंडाने स्वीकारलं पाहिजे, मोठं झाल्यावर, समजून उमजून. तान्ह्या बाळाच्या डोक्यावर पाणी ओतून काय होतं? बाळ फक्त रडतं."

"तू जास्त रडला असशील," लेक म्हणाली. "म्हणून अजून राग गेला नाही."

तो हसला. मीही खाली बघून हसले. त्याने माझ्या उत्तराची थोडी वाट बघितली आणि मग कालवण मागितलं.

त्यानंतर लेकीला दिवस राहिले आणि सातव्या महिन्यातच तिला दवाखान्यात न्यावं लागलं. पोट फाडून मुलगी काढली. इतकी लहान, की मला पहिल्यांदा काचेतून दाखवली तेव्हा मी नळ्याच बघत राहिले, मूल कुठे आहे ते शोधावं लागलं. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं तयार नाहीत, सांगता येत नाही. जावयाच्या हॉलमधली माणसं आली. बाहेरच्या पॅसेजमध्ये त्यांनी हात वर करून मोठमोठ्याने प्रार्थना केली. आवाज कमी करा म्हणून वॉचमन दोनदा सांगून गेला. मी भिंतीशी उभी राहून मनात जपमाळ म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी जावई औषध आणायला खाली गेला, तेव्हा लेकीने मला जवळ बोलावलं. टाक्यांमुळे तिला कूस बदलता येत नव्हती.

"आय, अकरा वाजता आजीला आत सोडतात. पाणी घेऊन जा."

"फादरांना बोलावू या का?"

"तो नाही येऊ देणार. आणि मला भांडायला उठता येत नाही. तू दे. शब्द येतात ना तुला?"

"येतात."

"मोठ्याने म्हण हां. तू सगळं मनातच म्हणतेस."

माझ्या पिशवीत पवित्र पाण्याची छोटी बाटली असतेच. ती मी पदरात घेतली. आत जाण्याआधी हात धुवायला लावले, अंगावर हिरवा गाऊन दिला, डोक्याला टोपी, तोंडाला मास्क. बाटली मी मुठीत धरली. आत चार काचेच्या पेट्या होत्या. दोन नर्सेस होत्या, एक डॉक्टरीणबाई टेबलापाशी लिहीत बसली होती, आणि शेजारच्या पेटीजवळ कुणाचा तरी बाप उभा होता. सगळं इतकं शांत, की यंत्राच्या टिकटिकीखेरीज काही ऐकू येत नव्हतं. नर्स म्हणाली, "आजी, या खिडकीतून हात घाला. फक्त बोटाने शिवायचं, पाच मिनिटं." आणि ती पलीकडच्या पेटीकडे वळली.

मी हात घातला. बाटलीचं बूच अंगठ्याने काढलं आणि तिच्या डोक्यावर पाणी सोडलं. पाणी वाहिलं, मी बघितलं. काळ्या केसांवरून कानामागे गेलं. त्याच वेळी मी शब्द म्हटले. सगळे म्हटले, एकही गाळला नाही. पण आवाज आला नाही. माझे ओठ हलले, आणि मास्कच्या आत तेही कुणाला दिसले नसतील. मला वाटलं, आता म्हणते, पुन्हा पाणी सोडते आणि मोठ्याने म्हणते. तेवढ्यात नर्स वळली.

"आजी, काय करताय?"

"काही नाही," मी म्हणाले.

त्या मुलीजवळ मी मोठ्याने बोलले ते एवढंच.

नर्सने ओलं झालेलं कापड बघितलं, मला बाहेर काढलं आणि पेटी पुसायला घेतली. ती रागावली, पण फार नाही. तिला वाटलं असेल, म्हातारीने नवसाचं काही केलं.

लेक दाराकडे डोळे लावून होती. जावई तोवर वर आला होता, म्हणून तिने नुसती मान हलवून विचारलं. मीही मान हलवली. तिने डोळे मिटले आणि मला वाटतं ती त्या दिवसांत पहिल्यांदा झोपली. त्या घडीला मला ते खोटं वाटलं नाही. पाणी वाहिलं होतं. शब्द मी म्हटले होते. उरलेलं संध्याकाळी चारला आत सोडतील तेव्हा करू, असं ठरवलं. चारला कोणालाच आत सोडलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मूल गेलं.

जावयाच्या हॉलला दफनासाठी जमीन नाही. तो वाद न घालता आमच्या गावी आला. देवळाच्या ऑफिसात फादरांनी वही उघडली. तरुण आहेत, दोन वर्षांपूर्वीच आमच्याकडे आले. त्यांनी हळूच विचारलं, "बाप्तिस्मा झाला होता का?"

लेक खुर्चीत वाकून बसली होती. ती म्हणाली, "हो. आयने दिला."

जावयाने तिच्याकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. फादर म्हणाले, "मावशी, पाणी घातलंत? शब्द म्हटलेत?"

मी मान हलवली. माझी मान लवकर हलते, त्याला आवाज लागत नाही. फादरांनी विचारलं, नाव काय ठेवलं. तोवर नाव ठेवलंच नव्हतं. लेकीने तिथेच एक नाव सांगितलं आणि फादरांनी ते बाप्तिस्म्याच्या वहीत लिहिलं. पुढे, बाप्तिस्मा देणाऱ्याच्या रकान्यात, माझं नाव.

मुलीला भिंतीच्या आत पुरलं, माझ्या नवऱ्याच्या कबरीशेजारी. जावयाने पेटी स्वतः उचलून आणली होती. बुटाच्या खोक्याहून थोडीशी मोठी.

लेक चाळीस दिवस माझ्याकडे राहिली. तिला दूध येत होतं, त्याचे हाल मी लिहीत नाही. संध्याकाळी ती ओटीवर बसायची आणि बोलता बोलता थांबून म्हणायची, "निदान तेवढं तरी झालं, आय." रोज. कधी माझा हात धरून, कधी दुसरीकडे बघत. जावई शनिवार-रविवारी यायचा. एकदा तो म्हणाला, "बाळं देवाकडेच जातात, पाण्याचा काही संबंध नाही." तेव्हा ती त्याच्या अंगावर धावून गेली. "माझ्या मुलीचं नाव देवळाच्या वहीत आहे. ते एक आहे माझ्याजवळ, ते तू घेऊ नकोस." मी मागे जाऊन चूल सारवत बसले. गॅस येऊन किती वर्षं झाली, पण मागच्या दारी पाणी तापवायची चूल आहे, ती मी उगाच सारवली.

तिचं बोलणं ऐकून ऐकून मला ते दिवसेंदिवस जड होऊ लागलं. आधी वाटायचं, देवाने ऐकलं असेल. मग वाटायचं, सिस्टरांनी तांब्या आणि बाहुली घेऊन इतकं शिकवलं, ते उगाच का? शब्द मनात चालत असते तर आईचा मुलगाही मनातल्या मनात तरला असता. आईने काय कमी मनात म्हटलं असेल?

लेक परत फ्लॅटवर गेली त्या आठवड्यात मी पापनिवेदनाला गेले. जाळीपलीकडे फादर म्हणाले, "मावशी, ऐकू येत नाही, जरा मोठ्याने." मी तीनदा सांगितलं तेव्हा त्यांना कळलं. मग म्हणाले, "शब्द तोंडाने म्हणावे लागतात, हे खरं. पण देव आपल्या संस्कारांनी बांधलेला नाही, मावशी. आपण बांधलेले आहोत. बाळाला चर्च देवाच्या दयेवर सोपवतं."

"म्हणजे ती तरली का?" मी विचारलं. हे मात्र मोठ्याने आलं.

"आम्ही आशा करतो," फादर म्हणाले.

मी वाट बघितली. त्यांच्याजवळ याहून जास्त नव्हतं. खोटं सांगत नाहीत म्हणून मला त्यांचा आदर वाटला आणि तरी मला ते नको होतं.

मग ते म्हणाले, "इथे ऐकलेलं मला बाहेर वापरता येत नाही. वहीतल्या नोंदीला मी हात लावू शकत नाही. तुम्ही ऑफिसात येऊन स्वतः सांगायला हवं. आणि मुलीला आधी. खोटं तसंच ठेवायचं मनात असेल, तर मी क्षमा देऊन उपयोग काय?" मी म्हणाले, सांगते, पण आत्ता नाही. ते म्हणाले, "तयार व्हाल तेव्हा या." रागाने नाही म्हणाले. पण क्षमेचे शब्द न ऐकताच मी उठले.

क्षमा नाही म्हणून मी कम्युनियन, मिस्सातली पवित्र भाकर, घेणं थांबवलं. रांग पुढे जायची आणि मी बाकावर बसून राहायचे. जिने आयुष्यभर कुणाच्या नजरेत येऊ नये म्हणून धडपड केली, ती मी बाकावर एकटीने बसणं काय असतं ते शिकले. बायका माझे गुडघे ओलांडून जायच्या. एक म्हणाली, "काय गं, मोठं पाप केलंस वाटतं?" आणि हसली. मी पण हसले.

तीन महिन्यांनी लेक मिस्साला आली. तिने बघितलं. बाहेर आल्यावर, दफनभूमीकडे जाताना, तिने विचारलं, "आय, तू कम्युनियनला का नाही उठलीस?"

मी सांगितलं. मुलीच्या कबरीजवळ पोचण्याआधीच सांगितलं, तिथे सांगवलं नसतं. ऐकून ती जागच्या जागी उभी राहिली.

"अजिबात आवाज नाही?"

"नाही."

"मी तुला सांगितलं होतं."

"सांगितलं होतंस."

"मग हे आता कशाला सांगितलंस?"

"फादर म्हणाले..."

"तुला क्षमा पाहिजे म्हणून," ती म्हणाली. "तुझं तारण व्हावं म्हणून. माझ्याजवळ एक गोष्ट होती, आय."

पुष्कळ दिवस मी त्यावर विचार केला आहे. मी लेकीसाठी सांगितलं की माझ्या जिवासाठी, ते मला अजून नीट कळत नाही. बाकावर बसवेना म्हणून सांगितलं असेल, तर तेही खरं.

सोमवारी आम्ही दोघी ऑफिसात गेलो. फादरांनी मी नवीनच काही सांगते आहे असं ऐकून घेतलं. वहीत त्या ओळीशेजारी त्यांनी लाल शाईने लिहिलं की बाप्तिस्म्याबद्दल शंका आहे. लेकीने विचारलं, "फादर, नाव राहील?"

"नाव राहील. दफनाच्या वहीत तर आहेच."

"आणि ती?"

फादर तेच म्हणाले, दया, आशा. लेकीने मान डोलावली. त्या संध्याकाळी मला क्षमा मिळाली आणि पुढच्या रविवारी मी कम्युनियन घेतलं. जिभेवर ठेवलं तेव्हा मला काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं.

त्यानंतर लेकीचा फोन कमी झाला. पावसाळा संपता संपता ती एकदा आली, भाजी घेऊन, आणि ओटीवर बसून म्हणाली, "मी त्याच्याबरोबर जाते हल्ली. हॉलमध्ये."

मी तिने आणलेली भाजी निवडायला घेतली.

"तिथे मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, तान्हं मूल नक्की देवाकडे जातं. नक्की. पाणी घाला, नका घालू. तुमचे फादर आशा करतात, आय. मला आशा नको." मग म्हणाली, "मला माहीत आहे, त्यांच्या हिशेबाने तू तरत नाहीस. मी त्यांना सांगितलं, माझी आय चांगली आहे. ते म्हणाले, चांगलं असून भागत नाही."

"खरं आहे ते," मी म्हणाले. "आम्हालाही तसंच शिकवलं होतं."

तिला हसू आलं, पण ते लगेच गेलं. तिने विचारलं, "तुला राग आला?"

मला राग नव्हता. ज्या शिकवणीत तिची मुलगी नक्की वाचते, तिकडे ती गेली. कुठली आई जाणार नाही? माझ्या आईला असं दार कोणी दाखवलं असतं तर तीही मेणबत्ती खाली ठेवून आत गेली असती. फक्त त्या दारातून मी आत जाऊ शकत नाही. माझा बाप्तिस्मा झाला आहे, तो मला पुन्हा घेता येत नाही. आणि इकडे माझ्याकडे नुसती आशा आहे, तीही लाल शाईची.

गेल्या महिन्यात किनाऱ्याजवळच्या एका रिसॉर्टच्या पोहण्याच्या तलावात त्यांनी तिला बुडवून पुन्हा बाप्तिस्मा दिला. तिने मला ये म्हटलं नव्हतं, पण दिवस आणि वेळ सांगितली होती. मी रिक्षाने गेले. सकाळची वेळ, पंधरा-वीस माणसं. लेक पांढऱ्या ड्रेसमध्ये पाण्यात उतरली. त्यांच्या पाळकाने विचारलं आणि तिने मोठ्याने, स्वच्छ उत्तर दिलं. सगळ्यांना ऐकू गेलं. मग दोघांनी तिला मागे झुकवून पूर्ण पाण्याखाली नेलं आणि वर काढलं. माणसं टाळ्या वाजवायला लागली. जावई रडत होता. तिचा टॉवेल आणि कोरडे कपडे धरून उभं राहायला कोणाला सुचलं नव्हतं, म्हणून पाण्यात उतरण्याआधी तिने ती पिशवी माझ्याजवळ दिली होती.

ती पायऱ्या चढून थेट माझ्याकडे आली. मी टॉवेल पुढे केला. तिने तोंड पुसलं, केस पिळले, पाणी माझ्या पायांवर पडलं.

"तुझी साडी भिजेल, आय," ती म्हणाली. "जरा लांब उभी राहा."

मी लांब उभी राहिले.